खासदार लोकसभेत बोलले, पुढे काय?

अधिवेशन सुरू झालं की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आपापल्या खासदारांचे व्हिडिओ फिरू लागतात. दीड-दोन मिनिटांची क्लिप, मागे ढोल-ताशा, वर ‘दिल्ली दणाणली’ अशी पट्टी. खाली समर्थकांचे अंगठे आणि विरोधकांचा ठरलेला सवाल : बोलून काय झालं? हा सवाल टोमणा म्हणून टाकलेला असतो, पण सवाल चांगला आहे आणि त्याचं उत्तर शोधताही येतं. फक्त ते क्लिपमध्ये सापडत नाही. ते असतं प्रश्नांच्या याद्यांत, मंत्र्यांच्या छापील उत्तरांत आणि ज्यांची नावंही सहसा कुणी ऐकलेली नसतात अशा समित्यांच्या अहवालांत.

हा सगळा रस्ता समजून घ्यायला कांद्याइतकं सोयीचं उदाहरण नाही. दिंडोरी मतदारसंघ घ्या. एका बाजूला लासलगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजार समित्या, दुसऱ्या बाजूला सुरगाणा-पेठचे डोंगरातले पाडे. सहा विधानसभा मतदारसंघ मिळून एक खासदार, आणि लोकसभेत त्याच्यासारखे एकूण ५४३. महाराष्ट्राचे ४८. म्हणजे वेळ मिळवणं हीच पहिली लढाई.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट असायला हवी : दिल्लीत काय विचारता येतं? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राचे विषय, राज्याचे विषय आणि दोघांचे सामाईक विषय अशी वाटणी केलेली आहे. शेती, पाणी, पोलीस, दवाखाने हे राज्याकडे. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, टपाल, टेलिफोन, आयात-निर्यात हे केंद्राकडे. गावचा पाझर तलाव गळतोय, तलाठी जागेवर भेटत नाही, अशा तक्रारी घेऊन खासदाराने लोकसभेत प्रश्न टाकला तर तो दाखलच करून घेतला जात नाही. त्यासाठी आमदार आहेत, जिल्हा परिषद आहे. केंद्राच्या पैशाने चालणाऱ्या घरकुल, ग्रामसडक, जलजीवन मिशनसारख्या योजनांसाठी मात्र जिल्ह्यातच खासदाराच्या अध्यक्षतेखाली एक समिती असते. तिला ‘दिशा’ म्हणतात, २०१६पासून ती आहे आणि दर तीन महिन्यांनी तिची बैठक व्हावी अशी अपेक्षा असते. गावातल्या कितीतरी कामांचा जाब तिथे विचारता येतो, पण त्या बैठकीची क्लिप कुणी काढत नाही.

आता कांदा. पिकवणं आणि बाजार समितीत विकणं इथवर विषय राज्याचा. पण निर्यातीला बंदी घालायची का, हे ठरतं केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयात. तिथलं विदेशी व्यापार महासंचालनालय अधिसूचना काढतं. निर्यात शुल्क किती, हे अर्थ मंत्रालय ठरवतं. भाव चढले तर बाजारात ओतण्यासाठी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत साठा करून ठेवणं हे ग्राहक व्यवहार मंत्रालयाचं काम. लागवड किती झाली, उत्पादन किती येईल हे अंदाज कृषी मंत्रालयाचे. एकाच कांद्याचे चार मालक. चुकीच्या दारात प्रश्न टाकला तर ‘हा विषय आमच्याकडे नाही’ असं उत्तर यायचं किंवा प्रश्न दुसऱ्या मंत्रालयाकडे वळवला जायचा, आणि त्यात अधिवेशन संपून जायचं.

ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. ऑक्टोबरअखेर टनामागे ८०० डॉलर हा किमान निर्यात भाव ठरवला. आणि ८ डिसेंबरपासून निर्यात थेट बंद केली, लाल कांद्याची आवक नुकती जोर धरत असताना. लासलगाव, चांदवड भागात लिलाव बंद पडले, शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर उतरले. या निर्णयांपैकी एकाही निर्णयाआधी लोकसभेत चर्चा व्हायची गरज नव्हती. कायद्याने सरकारला आधीच तो अधिकार दिलेला आहे. अधिसूचना निघाली की काम झालं.

त्या वेळी संसदेचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. ४ डिसेंबरला सुरू झालेलं. मग नाशिक-पुण्याच्या खासदारांनी लगेच प्रश्न का नाही विचारला? कारण लेखी प्रश्नासाठी किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते. ८ डिसेंबरला बंदी आली, त्याच दिवशी प्रश्न लिहून दिला असता तरी त्याचा दिवस २३ डिसेंबरच्या अलीकडे येणं शक्य नव्हतं, आणि अधिवेशन गुंडाळलं गेलं २१ला. अल्पसूचना प्रश्न म्हणून एक जवळची वाट आहे, पण ती मंत्र्याने होकार दिला तरच उघडते. त्यातच १३ डिसेंबरला दोन तरुणांनी प्रेक्षक सज्जातून सभागृहात उड्या मारून धूर सोडला. त्यावर गृहमंत्र्यांनी निवेदन करावं म्हणून विरोधकांनी गोंधळ घातला आणि दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले. शिरूर आणि बारामतीचे खासदार त्यात होते. जुन्नर, आंबेगाव, खेड हा सगळा कांद्याचा पट्टा शिरूरमध्ये येतो. ज्या पंधरवड्यात बोलायचं होतं, नेमका तोच असा गेला.

प्रश्नांचं तंत्र नीट बघण्यासारखं आहे. लोकसभेत सकाळी ११ ते १२ हा प्रश्नोत्तराचा तास. प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला. रोज २० तारांकित प्रश्न यादीत येतात आणि २३० अतारांकित. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात उभं राहून देतात आणि ज्यावर खासदाराला उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितचं उत्तर फक्त लेखी. कुणाचा प्रश्न यादीत लागणार, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. पक्ष मोठा की छोटा, खासदार पहिल्यांदा निवडून आलेला की पाचव्यांदा, याला तिथे किंमत नाही. वीस तारांकितपैकी तासाभरात चार-सहाच प्रत्यक्ष पुकारले जातात, तरी उरलेल्यांचीही लेखी उत्तरं मिळतात. सभागृह गोंधळात तहकूब झालं तरी मिळतात.

कुणी मला विचारलं की ग्रामीण खासदाराचं सगळ्यात धारदार हत्यार कोणतं, तर मी बिनधास्त अतारांकित प्रश्न असं सांगेन. त्यात टाळ्या नाहीत, कॅमेरा नाही. पण त्यातून सरकारच्या सहीचा आकडा हातात येतो. २००५मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेतून ११ खासदारांची हकालपट्टी झाली, त्यात जळगाव आणि एरंडोलचेही होते. लाज वाटावी असाच तो प्रकार, पण प्रश्नाची किंमत काय असते तेही त्यातून कळलं. फुकटच्या गोष्टीला कोण पैसे मोजतं?

प्रश्न कसा लिहावा याचेही नियम आहेत. साधारण १५० शब्दांत बसावा, त्यात युक्तिवाद नसावा, उपरोध नसावा, विशेषणांची बरसात नसावी. ‘कांदा उत्पादकांवर होणारा घोर अन्याय सरकार कधी थांबवणार?’ हा सभेतला प्रश्न झाला. लोकसभेत तो मुळात गाळला जाईल, आणि चुकून राहिलाच तर ‘सरकार शेतकऱ्यांच्या हितासाठी कटिबद्ध आहे’ एवढं एक वाक्य परत येईल. त्याऐवजी असं लिहून बघा :

‘(क) गेल्या तीन वर्षांत नाफेड आणि एनसीसीएफने नाशिक जिल्ह्यात किती कांदा, कोणत्या केंद्रांवर आणि सरासरी काय भावाने खरेदी केला, (ख) त्यातला किती थेट शेतकऱ्यांकडून आणि किती संस्था वा उत्पादक कंपन्यांमार्फत घेतला, (ग) साठवणुकीत किती खराब झाला, (घ) शेतकऱ्याच्या खात्यात पैसे जमा व्हायला सरासरी किती दिवस लागले?’

यात एकही कडक शब्द नाही. पण (ख) आणि (घ)चं उत्तर लिहिताना संबंधित अधिकाऱ्याला घाम फुटू शकतो. आकडा चुकीचा दिला तर खासदार ती चूक अध्यक्षांच्या नजरेस आणून देऊ शकतो, आणि मंत्र्याला सभागृहात दुरुस्ती करावी लागते. आकडा खरा असेल तर तो शेतकरी संघटनेच्या पत्रकात, न्यायालयातल्या याचिकेत, वर्तमानपत्राच्या बातमीत, कुठेही वापरता येतो.

प्रश्न नसेल तर दुसरा मार्ग शून्य प्रहर. क्लिपा बहुतेक इथल्याच. प्रश्नोत्तराचा तास संपला की दुपारी बाराला तो सुरू होतो. गंमत म्हणजे लोकसभेच्या नियमांच्या पुस्तकात शून्य प्रहर हा प्रकारच नाही. रूढीने पडलेला आहे. त्याच दिवशी सकाळी १०च्या आत सूचना द्यायची, पुन्हा चिठ्ठ्या, आणि नाव निघालं तर मिनिट-दोन मिनिटं बोलायचं. तातडीच्या विषयाला हा बरा. गारपीट झाली, निर्यातबंदी आली, तर दुसऱ्या दिवशी बोलता येतं. अडचण एकच : मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं बंधन नाही. समोरचे बाक कधी कधी निम्मे रिकामे असतात.

त्यापेक्षा नियम ३७७ला मी जास्त मानतो. २५० शब्दांच्या आत मतदारसंघाचा विषय लिहून द्यायचा, रोज वीस जणांना संधी, एका खासदाराला आठवड्यातून एकदा. सभागृह चालत नसेल तर हे सगळे मजकूर ‘सभापटलावर ठेवले असे समजावे’ म्हणून नोंदले जातात आणि काम पुढे सरकतं. संबंधित मंत्रालयाने शक्यतो महिनाभरात त्या खासदाराला लेखी उत्तर पाठवायचं असतं. राज्यसभेत याच धर्तीवर ‘विशेष उल्लेख’ असतो. सत्ताधारी पक्षाच्या खासदारांना ही वाट विशेष सोयीची, कारण आपल्याच सरकारवर तुटून न पडता गाऱ्हाणं नोंदवता येतं. लक्षवेधी सूचना, नियम १९३ची चर्चा, स्थगन प्रस्ताव ही त्याहून मोठी आयुधं. पण ती मिळणं अध्यक्षांवर आणि पक्षांच्या गटनेत्यांवर अवलंबून, आणि चर्चेत वेळ वाटला जातो तो पक्षाच्या संख्याबळानुसार. एकट्या-दुकट्या खासदाराच्या पक्षाला दोन-तीन मिनिटं मिळाली तरी नशीब.

आता त्या समितीकडे येऊ, जिच्याविषयी लिहावं म्हणूनच खरं तर हा लेख लिहायला बसलो. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती. १९५३ साली स्थापन झाली. मंत्री सभागृहात उत्तर देताना म्हणतात, ‘हा विषय विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालेन’, ‘माहिती गोळा केली जात आहे’. आपण ऐकतो आणि म्हणतो, झाली टोलवाटोलवी. पण संसदेच्या लेखी ही वाक्यं टोलवाटोलवी नसून आश्वासन असतात. कोणत्या प्रकारची वाक्यं आश्वासन मानायची याची यादीच ठरलेली आहे. रोजच्या कामकाजातून अशी वाक्यं वेचून काढली जातात, मंत्रालयाला कळवली जातात, आणि तीन महिन्यांत त्याचं काय केलं ते सांगावं लागतं. जमलं नाही तर मुदत मागावी लागते, आश्वासन रद्द करायचं तर समितीकडे कारण द्यावं लागतं. समिती सचिवांना बोलावून विचारू शकते. आश्वासन पुरं झालं की अंमलबजावणी अहवाल सभापटलावर येतो.

म्हणून मुरलेला खासदार उपप्रश्नात काय करतो? तो भाषण करत नाही. तो मंत्र्याच्या तोंडून एक वाक्य काढून घेतो. ‘साठवणुकीच्या चाळींसाठीचं अनुदान वाढवण्याचा प्रस्ताव आहे का, आणि असल्यास निर्णय कधी होईल?’ मंत्री म्हणाले, ‘प्रस्ताव तपासला जात आहे’, की जाळं पडलं. अर्थात पलीकडचे अधिकारीही काही काल जन्मलेले नसतात. उत्तराचे मसुदे करताना असे शब्द शक्यतो टाळले जातात. ‘ही निरंतर चालणारी प्रक्रिया आहे’ हे त्यांचं लाडकं वाक्य. शिवाय कितीतरी आश्वासनं वर्षानुवर्षं मुदतवाढीवर काढतात. तरीही सत्ताधाऱ्यांच्या तोंडच्या मोघम वाक्यामागे तारीख घेऊन लागणारी दुसरी यंत्रणा आपल्याकडे फारशी नाही.

कायदाच बदलायचा असेल तर? खासदार स्वतः विधेयक मांडू शकतो; अशासकीय विधेयकांसाठी शुक्रवारचे शेवटचे अडीच तास राखलेले असतात. हातकणंगल्याचे तेव्हाचे खासदार राजू शेट्टी यांनी ऑगस्ट २०१८मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीचं आणि हमीभावाच्या हक्काचं अशी दोन विधेयकं लोकसभेत मांडली. ती मंजूर झाली नाहीत. होण्याची शक्यताही नगण्यच होती : स्वातंत्र्यानंतर आजवर फक्त १४ अशासकीय विधेयकांचे कायदे झाले, शेवटचा १९७०मध्ये. पण हमीभावाला कायद्याचा आधार हवा ही मागणी विधेयकाच्या मसुद्यात बसली, आणि २०२०-२१च्या शेतकरी आंदोलनात हमीभावाच्या कायद्याची मागणी अग्रभागी होती. मतदानाच्या बाबतीत मात्र खासदाराचे हात बांधलेले. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षाचा आदेश, मोडला तर खासदारकी जाऊ शकते. बोलणं मोकळं, घटनेच्या १०५व्या कलमाचं संरक्षण असलेलं, मत पक्षाचं.

पैशाच्या कामांना तर वेगळाच धीर लागतो. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५च्या सुमारास मंजूर झाला, तेव्हाचा खर्च सुमारे ३५३ कोटी. त्यानंतर बीडच्या जवळपास प्रत्येक खासदाराने, मग पक्ष कुठलाही असो, हा विषय लावून धरला. प्रत्येक अर्थसंकल्पाला ‘बीडच्या रेल्वेला किती?’ ही एकच ओळ जिल्हा शोधायचा. रेल्वेच्या ‘पिंक बुक’मध्ये प्रकल्पवार तरतूद छापलेली असते, ती बघितली की भाषणातलं खरं-खोटं कळायचं. एखाद्या प्रकल्पाला नाममात्र रक्कम पडली म्हणजे समजायचं की काम कागदावर जिवंत आहे, जमिनीवर नाही. शेवटी निम्मा खर्च राज्याने उचलायचं ठरलं. सप्टेंबर २०२२मध्ये आष्टीपर्यंत गाडी धावली आणि १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला पोहोचली. तोवर खर्च ४,८०० कोटींच्या घरात गेलेला. ही गाडी कुणाच्या एका भाषणाने आली असं म्हणणारा थापा मारतो. पण कुणीच बोललं नसतं तर ती अशा कितीतरी मंजूर मार्गांसारखी फाईलमध्येच राहिली असती, हेही तितकंच खरं. यात वाईट भाग असा की मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्यांवर लोकसभेत चर्चा होण्याचं प्रमाण घसरलं आहे. २०२३मध्ये तर सगळ्या मागण्या चर्चेविना एका झटक्यात मंजूर झाल्या. पहिली लोकसभा वर्षाला सरासरी १३५ दिवस बसायची, सतरावी सुमारे ५५. खासदाराने बोलावं तरी कधी?

खासदार निधीबद्दल इतकंच, की वर्षाला ५ कोटी रुपये, १९९३पासूनची योजना, त्यातून सभामंडप, हायमास्ट दिवे, शाळाखोल्या होतात. त्याची पाटी लागते म्हणून तो दिसतो. निर्यात धोरणातला एक निर्णय एका मोसमात एका तालुक्याचं यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान किंवा भलं करून जातो.

भाषेचा बाऊ मात्र करू नये. घटनेच्या १२०व्या कलमानुसार हिंदी-इंग्रजी येत नसेल तर अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येतं, आणि मराठीच्या तत्काळ भाषांतराची सोय लोकसभेत बऱ्याच काळापासून आहे. १९५७ला साताऱ्यातून आणि १९६७ला बीडमधून निवडून गेलेले क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेत मराठीतून बोलले, हे आजही अभिमानाने सांगितलं जातं. तरी २०२४च्या निवडणुकीत नगरच्या उमेदवाराला इंग्रजी येतं का, हा प्रचाराचा मुद्दा झालाच. निलेश लंके निवडून आले आणि त्यांनी शपथ इंग्रजीतून घेतली. उत्तर झकास होतं. पण प्रश्नाचा मसुदा मराठीत विचार करून नीट लिहिलेला असेल तर त्याचं इंग्रजी करून द्यायला दिल्लीत माणसं आहेत.

तर आपला खासदार काय करतो हे बघायचं असेल तर ‘संसद डॉट इन’ या संकेतस्थळावर त्याच्या नावाने प्रश्न शोधा. हिंदी-इंग्रजी दोन्ही उत्तरं मिळतात. किती प्रश्न विचारले याची संख्या फार सांगत नाही. काही खासदारांच्या नावावर शेकडो प्रश्न असतात आणि त्यातले बरेच मतदारसंघाशी घेणंदेणं नसलेले. आपल्या तालुक्याचं, पिकाचं, मार्गाचं नाव किती उत्तरांत येतं ते बघा. एकच विषय पुढच्या अधिवेशनात पुन्हा, आधीच्या उत्तरातला आकडा धरून विचारला आहे का, ते बघा. ३७७ खाली काय दिलं आणि उत्तर काय आलं, हे खासदाराच्या कार्यालयात मागता येतं. उत्तर त्यांच्या नावे आलेलं असतं, ते दाखवायला हरकत असायचं कारण नाही.

आणि आपल्यालाच काही मांडायचं असेल, तर हार-तुरे आणि फोटोसकट दिलेलं चार पानी निवेदन बहुतेक वेळा फोटोपुरतंच उरतं. एक पान पुरे. वर मंत्रालयाचं नाव, खाली नेमकी कोणती माहिती हवी ते क, ख, ग करून, सोबत बाजार समितीच्या भावाच्या पावत्या किंवा पत्रव्यवहाराच्या प्रती. कुणीही नागरिक लोकसभेच्या याचिका समितीकडे थेट अर्जही करू शकतो. सभागृहात तो सादर करायला खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते. वेळेचं गणित तेवढं चुकवू नका. हिवाळी अधिवेशन साधारण नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात भरतं, लाल कांदाही तेव्हाच बाजारात येतो, आणि पंधरा दिवसांची सूचना आधी द्यावी लागते. म्हणजे ते एक पान दिवाळीच्या आसपास खासदाराच्या स्वीय सहायकाच्या हातात पडलेलं हवं, आणि त्याची पोच आपल्याकडे.